चित्राची ऑर्डर मोबाइलवर आली, पैसे कसे घ्यायचे? इसारापासून यूपीआयपर्यंत सगळी माहिती

बुलढाणा : घराच्या भिंतीवर विठ्ठल-रखुमाई, अंगणवाडीच्या भिंतीवर मुळाक्षरं, लग्नात भेट द्यायला नवरा-नवरीचं पेन्सिल स्केच, गजानन महाराजांची तसबीर, १२ जानेवारीला सिंदखेडराजात लागणारे जिजाऊ जन्मोत्सवाचे फलक, नाहीतर वारलेल्या आजोबांचं ओळखपत्रावरच्या छोट्या फोटोवरून काढलेलं मोठं चित्र. जिल्ह्यातल्या तेराही तालुक्यांत अशी कामं करणारे पेंटर, मूर्तिकार आणि कॉलेजात शिकणारी पोरं-पोरी आहेत. शेतीच्या जोडीला महिन्याला चार पैसे मिळवून देणारं हे काम आहे.

पूर्वी ग्राहक ओळखीचा असायचा. पैसे थकले तरी आठवडी बाजारात गाठ पडायची, कुणाच्या तरी मामा-काकाकडून निरोप जायचा आणि आज ना उद्या वसूल व्हायचे. आता ऑर्डर इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर येते. ग्राहक पुण्याचा असतो, सुरतेचा असतो, कधी दुबईचाही. त्याचं घर माहीत नाही, गाव माहीत नाही, नावही खरंच असेल याचा भरवसा नाही. चित्र पाठवून पैसे बुडाले, ही एक भीती. त्याहून मोठी भीती अशी, की पैसे यायचे तर दूरच, उलट खात्यातलेच गेले.

‘कोणतं ॲप चांगलं?’ असा प्रश्न बरेच जण विचारतात. फोनपे, गूगल पे, पेटीएम, भीम या सगळ्यांच्या मागे यूपीआय ही एकच यंत्रणा आहे, त्यामुळे ॲप बदलून फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो कामाच्या कोणत्या टप्प्यावर किती पैसे कुणाच्या हातात आहेत, यावर.

इसार आधी, रंग नंतर

बैलबाजारात सौदा ठरला की इसार हातावर ठेवतात. जमिनीच्या व्यवहारात इसारपावती होते. चित्राच्या ऑर्डरीत मात्र अनेकांना इसार मागायची लाज वाटते. खरं तर इथे त्याची गरज जास्त आहे. कापूस एका व्यापाऱ्याने नाकारला तर दुसरा घेतो, भाव थोडा कमी मिळेल एवढंच. दुसऱ्याच्या आजोबांचं चित्र कोण घेणार? ऑर्डरीचं काम हे त्या एकाच ग्राहकासाठी असतं. त्याने पाठ फिरवली की कागद, रंग आणि आठ दिवसांची मेहनत कवडीमोल.

म्हणून पैसे तीन टप्प्यांत घेणं सोयीचं. समजा स्केचचे तीन हजार ठरले. एक हजार काम सुरू करण्याआधी. पेन्सिलीने कच्चं चित्र काढून त्याचा फोटो पाठवला, चेहरा जुळतो असं ग्राहकाने सांगितलं, की आणखी एक हजार. पूर्ण चित्राचा फोटो पाठवायचा तो कमी रिझोल्यूशनचा, आणि त्यावर आडवं आपलं नाव टाकून. शेवटचे एक हजार खात्यात जमा झाल्यावरच कुरिअर करायचं. डिजिटल काम असेल तर मूळ फाइल अगदी शेवटी, कारण ती एकदा गेली की परत मागता येत नाही.

भिंतीच्या कामाला हा हिशेब थोडा बदलतो. तिथे इसार किमान सामानाच्या खर्चाएवढा तरी असावा : रंग, प्राइमर, ब्रश, परांचीचं भाडं. स्वतःच्या खिशातून डबे आणून काम सुरू केलं की घासाघीस करायची ताकद ग्राहकाकडे जाते.

मूर्तीचं गणित आणखी वेगळं. अनंत चतुर्दशी उलटली की न नेलेल्या गणपतीला गिऱ्हाईक नाही. खामगावात मोठ्या देवीचा शांती उत्सव कोजागरीपासून सुरू होतो, त्यामुळे तिथल्या मूर्तिकारांचा हंगाम इतरांपेक्षा थोडा लांबतो, पण तारखेचं बंधन त्यांनाही आहेच. अशा कामात अर्धी रक्कम बुकिंगलाच घ्यावी आणि बाकी मूर्ती मंडपात जाण्याआधी. ‘वर्गणी जमली की देतो’ हे मंडळाचं वाक्य प्रामाणिक असतं. पण वर्गणी जमेपर्यंत मूर्तिकाराने माती, साचे आणि मजुरीचे पैसे व्याजाने काढलेले असतात, आणि ते व्याज मंडळ देत नाही.

ठरलं ते लिहून ठेवा

वकिलाची गरज नाही, स्टॅम्पपेपरचीही नाही. व्हॉट्सॲपवर एक मेसेज पुरतो. उदाहरणार्थ :

‘नमस्कार ताई. ए-३ साइज पेन्सिल स्केच, दोन चेहरे, फ्रेम नाही. एकूण ३,००० रुपये. इसार १,०००, कच्चं चित्र पसंत पडल्यावर १,०००, बाकी १,००० कुरिअर करण्याआधी. कुरिअरचा खर्च वेगळा. दोन वेळा दुरुस्ती करून देईन, त्यापुढे प्रत्येक वेळी २०० रुपये. काम सुरू झाल्यावर ऑर्डर रद्द केली तर इसार परत मिळणार नाही. मी २० तारखेपर्यंत दिलं नाही तर सगळे पैसे परत. मान्य असेल तर मंजूर असं लिहून पाठवा.’

यातलं शेवटून दुसरं वाक्य ग्राहकासाठी आहे. स्वतःवरही एक अट घालणाऱ्या कलाकाराला इसार देताना समोरच्याचा हात आखडत नाही. समोरून ‘मंजूर’ आलं की तो संवाद जपून ठेवावा. आपोआप पुसले जाणारे मेसेज ही सोय त्या चॅटपुरती बंद ठेवावी. उद्या तक्रारीची वेळ आली तर मोबाइलमधले संदेशही पुरावा म्हणून धरले जातात.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे पैसे घेऊन ऑर्डरीवर काढलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, ऑर्डर देणाऱ्याकडे जातो. म्हणजे तीन हजारांच्या चित्राचे ग्राहकाने टी-शर्ट छापून विकले तरी कलाकाराला बोलायला जागा राहत नाही. छपाईचे हक्क आपल्याकडे ठेवायचे असतील किंवा त्याचे वेगळे पैसे घ्यायचे असतील, तर याच मेसेजमध्ये तसं लिहावं.

पैसे घ्यायला पिन लागत नाही

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं. आज टपरीवरच्या चहापासून बियाणांच्या पिशवीपर्यंत सगळं त्यावर चालतं. चित्राच्या ऑर्डरीसाठीही देशातल्या देशात हाच सगळ्यात सोपा मार्ग आहे, आणि फसवणूकही सगळ्यात जास्त इथेच होते. यंत्रणा कच्ची आहे म्हणून ती होत नाही, घाईत आणि भिडेत होते.

यूपीआय पिन लागतो तो पैसे पाठवायला आणि आपल्या खात्यातली शिल्लक बघायला. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन करतो तो पैसे देणारा. पैसे घेणाऱ्याने स्वतःचा कोड दाखवायचा असतो, समोरच्याचा स्कॅन करायचा नसतो. एवढं घरातल्या प्रत्येकाला पाठ असलं तरी निम्म्याहून जास्त डाव फसतात.

यातला सगळ्यात जुना डाव फौजी ग्राहकाचा. फोन येतो, ‘मी आर्मीत आहे, पोस्टिंग लांब आहे, बायकोच्या वाढदिवसाला स्केच पाहिजे.’ भाषा नम्र असते. वर्दीतला फोटो, ओळखपत्र, कँटीन कार्ड असं सगळं व्हॉट्सॲपवर येतं. भावात घासाघीस नसते, उलट ‘पूर्ण पैसे आत्ताच पाठवतो’ असं तो म्हणतो. खरी गंमत इथेच आहे. न बघितलेल्या कलाकाराला पूर्ण पैसे आधी द्यायला निघालेला ग्राहक फार विरळा. मग तो सांगतो, ‘आमच्याकडे पैसे पाठवायची पद्धत वेगळी आहे. एक कोड पाठवतो, तो स्कॅन करा, आधी एक रुपया जाईल आणि दोन येतील.’ खरंच दोन रुपये येतात आणि विश्वास बसतो. दुसरा कोड तीन हजारांचा असतो. पिन टाकला की तीन हजार जातात. ‘चूक झाली भाऊ, पुन्हा स्कॅन करा, दोन्ही परत येतील,’ म्हणत तो आणखी तीन हजार नेतो. सैन्यातले जवान आपल्या जिल्ह्यात गावागावांत आहेत, सैन्याबद्दल लोकांच्या मनात आदर आहे, म्हणून हे नाटक इथे चालतं. जवानही इतरांसारखाच साधा यूपीआय वापरतो, त्याची वेगळी पद्धत नसते.

याच्याच जवळचा प्रकार म्हणजे समोरून पैशांची मागणी पाठवायची आणि ‘होकार दाबा म्हणजे पैसे येतील’ असं सांगायचं. एका माणसाने दुसऱ्याला पाठवायची ही मागणीची सोय एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. तेवढी एक वाट बुजली. क्यूआर कोडची वाट उघडीच आहे.

दुसरा डाव स्क्रीनशॉटचा. ‘टाकले बरं भाऊ, पाहून घ्या,’ आणि सोबत हिरव्या टिकचा फोटो. असे खोटे फोटो तयार करणारी बनावट ॲप फिरतात. नाव, रक्कम, वेळ, सगळं बरोबर दिसतं. त्यामुळे स्क्रीनशॉटला पावती समजू नये. आपलं ॲप उघडावं, व्यवहारांच्या यादीत रक्कम दिसते का पाहावं. शंका वाटली तर ग्राहकाकडून १२ अंकी यूटीआर क्रमांक मागावा आणि आपल्या खात्याच्या नोंदीशी जुळवावा. मेसेजवरही डोळे झाकून विश्वास नको. बँकेचा मेसेज बँकेच्या नावाच्या ठरावीक आखूड अक्षरांतून येतो. साध्या दहा अंकी मोबाइल नंबरवरून ‘तुमच्या खात्यात ३०,००० जमा’ असं आलं तर ते बँकेने पाठवलेलं नाही.

त्यातूनच तिसरा डाव निघतो : ‘चुकून तीन हजारांच्या जागी तीस हजार गेले, माझी आई दवाखान्यात आहे, बाकीचे लगेच परत करा.’ आधी खातं पाहा. बहुतेक वेळा काहीच आलेलं नसतं. खरंच जास्त रक्कम आली असेल तरी हाताने परत पाठवू नका. ‘बँकेत तक्रार करा, बँकेमार्फत परत घ्या,’ असं सांगा. असं का, ते पुढे खातं गोठण्याच्या भागात येतंच.

कधी व्यवहार खरोखर अडकतो. ग्राहकाच्या खात्यातून पैसे कापले जातात, कलाकाराला मिळत नाहीत, आणि दोघेही एकमेकांवर संशय घेतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे असे पैसे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत जायला हवेत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. ‘कापले गेलेत, आता चित्र पाठवा’ असं ग्राहक म्हणाला तर दोन दिवस थांबायला सांगणं अपमानाचं नाही.

मदत करतो म्हणून कुणी मोबाइलची स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगितलं तर फोन तिथेच ठेवावा. त्या ॲपमधून समोरच्याला आपला पिन दिसतो, ओटीपीही दिसतो.

ऑर्डरीचं खातं वेगळं असावं

घरात पोरगी स्केच काढते, यूपीआय मात्र वडिलांच्या मोबाइलवर. त्याच खात्यात पीएम किसानचा हप्ता येतो, पीकविमा येतो, सोयाबीनचे पैसे येतात, पीककर्जही तिथूनच फिरतं. अनोळखी ग्राहकाचे पाचशे-हजारही त्याच खात्यात घेतले जातात. इथे एक धोका आहे आणि तो फसवणुकीपेक्षा वेगळा आहे.

कुणाचे तरी पैसे चोरीला गेले आणि त्याने १९३० वर तक्रार केली, की ते पैसे कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात गेले याचा माग काढला जातो. चोराने त्यातल्या दोन हजारांचं चित्र घेतलं असेल तर माग चित्रकाराच्या खात्यापर्यंत येतो आणि बँक त्या रकमेवर, कधी अख्ख्या खात्यावर, रोख लावते. चित्रकाराचा दोष काही नसतो. तक्रार राजस्थानात झालेली असू शकते, केरळातही. पेरणीच्या तोंडावर घरातलं एकमेव खातं असं अडकलं की बियाणं, खत, मजुरी सगळंच थांबतं.

म्हणून ऑर्डरीचे पैसे घ्यायला स्वतंत्र बचत खातं उघडावं. जमा झालेली रक्कम तिथेच साठवत न ठेवता वेळोवेळी काढावी. मुलगा किंवा मुलगी अठराच्या आतली असेल तर बँकेत अल्पवयीनांच्या खात्याची चौकशी करावी, आणि पालकांच्या नावावर घ्यायचं झालं तरी शेतीचं खातं वापरू नये. केवायसी पूर्ण नसलेल्या ‘लहान खात्या’ला वर्षात १ लाख जमा आणि एका वेळी ५० हजार शिल्लक अशी मर्यादा असते. मोठी ऑर्डर घेण्याआधी आपलं खातं त्यातलं नाही ना, हे शाखेत विचारून घ्यावं.

विदर्भ कोकण ग्रामीण बँकेचं जुनं पासबुक असणाऱ्यांनी आणखी एक बघावं. ही बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. ग्राहकाला खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड लिहून देण्याआधी सध्याचा कोड कोणता ते शाखेतून पक्कं करावं, नाहीतर पैसे अडकतात आणि ग्राहकाला वाटतं कलाकारच टाळतोय.

खातं गोठलंच तर घाबरून कुणा एजंटाला पैसे देऊ नयेत. शाखेत जाऊन लेखी विचारावं : तक्रारीचा क्रमांक कोणता, कोणत्या राज्यातल्या कोणत्या पोलीस ठाण्याची आहे, वादातली रक्कम किती. मग त्या ठाण्याला आणि आपल्या बँकेला अर्ज द्यावा. सोबत ‘मंजूर’ लिहिलेला व्हॉट्सॲप संवाद, कच्च्या आणि पूर्ण चित्राचे फोटो, कुरिअरची पावती. हे पैसे मेहनतीचे होते हे याच कागदांवरून दिसतं. अख्खं खातं बंद न ठेवता वादातल्या रकमेपुरती रोख ठेवावी, अशी मागणी त्याच अर्जात करता येते.

‘पन्नास हजार पाठवतो, तुझे पाच ठेव, बाकी माझ्या मित्राला पाठव’ असं सांगणारा ग्राहक कलाकाराच्या खात्यातून चोरीचा पैसा फिरवत असतो. जास्तीची रक्कम हाताने परत पाठवू नये, त्याचं कारण हेच. महिन्याला ठरावीक रक्कम देऊन खातं ‘वापरायला’ मागणारेही आता गावापर्यंत पोहोचलेत. तिथे खातेदार स्वतः आरोपी होतो.

रोख, चेक, पोस्ट

ओळखीच्या गावात रोख वाईट नाही. फक्त पावती पुस्तक ठेवावं, किंवा पैसे मिळाल्यावर ‘आज १,००० मिळाले, बाकी २,०००’ एवढा मेसेज टाकावा.

ग्रामपंचायत किंवा शाळेच्या भिंतीचं काम तोंडी सुरू करू नये. ग्रामपंचायतीचे पैसे बिल लावल्यावर खात्यातच येतात, आणि बिल निघण्यासाठी कामाचा लेखी आदेश लागतो. सरपंच शब्दाचे पक्के असले तरी त्यांच्या शब्दावर बिल निघत नाही. निवडणुकीतल्या भिंती आणि बॅनर रंगवणाऱ्यांनी हिशेब मतदानाआधीच मिटवावा. निकालानंतर जिंकलेला भेटत नाही आणि हरलेला देत नाही.

चेक घ्यायचा झाला तर वटल्यावरच काम हातातून सोडावं. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत टाकावा लागतो. न वटल्यास कलम १३८ खाली दाद मागता येते, पण मुदती कडक आहेत : चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, समोरच्याला ती मिळाल्यापासून १५ दिवस वाट, आणि त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार. एक मुदत चुकली की चांगली केस हातची जाते.

पुस्तकं मागवणाऱ्या जुन्या लोकांना व्हीपी आठवत असेल. पोस्टमन पार्सल देतो, पैसे घेतो आणि ते पाठवणाऱ्याला मिळतात. कुरिअर कंपन्यांचं कॅश ऑन डिलिव्हरी हे त्याचंच नवं रूप. शेवटच्या हप्त्यापुरता हा मार्ग बरा, कारण चित्र हातात आल्याशिवाय ग्राहकाला पैसे द्यावे लागत नाहीत. पण त्याने पार्सल नाकारलं तर येण्या-जाण्याचा खर्च कलाकारावर बसतो. इसाराशिवाय यावर अवलंबून राहू नये.

ग्राहक परदेशातला असेल तर

परदेशी खात्यातून पैसे घ्यायला पेपाल वापरलं जातं. १ एप्रिल २०२१ पासून ते भारतातल्या भारतात चालत नाही, त्यामुळे नाशिकचा ग्राहक ‘पेपालने पाठवतो’ म्हणाला तर काहीतरी गडबड आहे. खातं उघडायला पॅन आणि बँक खातं लागतं, कमिशन कापलं जातं, आणि ग्राहकाला १८० दिवसांपर्यंत तक्रार करून पैसे परत मागता येतात. म्हणून स्पीड पोस्टची पावती आणि पार्सल पोहोचल्याची नोंद सहा महिने जपावी. ‘तुमचे पैसे अडकलेत, खातं मोठं करायला आधी २०० डॉलर भरा’ अशी ईमेल पेपालच्या नावाने येते. ती खोटी असते. पैसे आलेत का हे ईमेलमधली लिंक न दाबता ॲप स्वतः उघडून पाहावं.

रक्कम मोठी असेल तर थेट बँक खात्यात मागवावी. त्यासाठी बँकेचा स्विफ्ट कोड लागतो, तो शाखेत मिळतो.

फायवर आणि अपवर्क यांसारख्या ठिकाणी मध्यस्थाची सोय आहे. ग्राहकाचे पैसे आधी वेबसाइटकडे जमा होतात, काम पसंत पडलं की कलाकाराला मिळतात. पंचाच्या हाती इसार ठेवण्यासारखंच. फायवर त्यातले २० टक्के स्वतःकडे ठेवतं. कापणी जास्त वाटते, पण पहिल्या पाच-दहा परदेशी ऑर्डरींसाठी ती सोसण्यासारखी आहे. तिथे ओळख झालेला ग्राहक ‘बाहेर बोलू, व्हॉट्सॲप नंबर दे’ म्हणाला तर पंच बाजूला होतो, हे लक्षात ठेवावं.

इन्स्टाग्रामवर आणखी एक प्रकार जोरात आहे. ‘तुझं चित्र एनएफटी म्हणून लाखोंना विकत घेतो, फक्त या वेबसाइटवर टाक.’ वेबसाइटवर चढवायला आधी ‘गॅस फी’ मागितली जाते. ती भरली की चित्र विकलं गेल्याचं दिसतं, आणि पैसे काढायला पुन्हा फी. विकत घेणाराही तोच असतो आणि वेबसाइटही त्याचीच.

ऑर्डर देणाऱ्यांसाठी

फसवणूक दोन्ही बाजूंनी होते. दुसऱ्याची चित्रं आपली म्हणून दाखवायची, इसार घ्यायचा आणि नंबर ब्लॉक करायचा, असे ‘कलाकार’ही आहेत. पेजवरचं एखादं चित्र गूगल लेन्समध्ये टाकून पाहावं, तेच चित्र दहा जणांच्या नावावर दिसलं तर थांबावं. दोन मिनिटांचा व्हिडिओ कॉल करून चालू काम दाखवायला सांगावं, खऱ्या कलाकाराला त्यात आनंदच असतो. यूपीआयने पैसे पाठवताना स्क्रीनवर बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. ते सांगितलेल्या नावाशी जुळत नसेल तर आधी विचारावं, कारण पिन टाकल्यावर ते पैसे परत मिळवणं समोरच्याच्या मर्जीवर राहतं. काम खराब दिलं किंवा दिलंच नाही, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

पैसे गेले तर पहिल्या तासात काय

पहिला फोन १९३० ला. नातेवाइकांना, मित्रांना, फसवणाऱ्याला फोन करण्यात वेळ घालवू नये. चोरीचा पैसा काही मिनिटांत चार-पाच खात्यांतून फिरतो आणि एटीएममधून निघून जातो, तो मध्ये कुठे सापडला तरच अडवता येतो. लगेच आपल्या बँकेलाही कळवावं आणि यूपीआय बंद करायला सांगावं. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर सविस्तर तक्रार नोंदवावी. ज्यांना ते जमत नाही त्यांनी जवळच्या पोलीस ठाण्यात जावं, जिल्ह्याचं सायबर पोलीस ठाणं बुलढाण्यात आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असला तरी तक्रार घ्यावी लागते, ‘आमची हद्द नाही’ हे कारण चालत नाही.

बँकेकडे लेखी तक्रार देऊन ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथली चौकशी १४४४८ या नंबरवर होते.

फोन करताना हाताशी ठेवायच्या गोष्टी : आपला खाते क्रमांक, गेलेली रक्कम, तारीख आणि वेळ, १२ अंकी यूटीआर, ज्याला पैसे गेले त्याचा यूपीआय आयडी आणि त्याचा मोबाइल नंबर. फोननंतर तक्रारीचा क्रमांक मिळतो. तो कागदावर लिहून ठेवावा, कारण पुढे बँकेत आणि ठाण्यात पहिल्यांदा तोच विचारतात.